परागंदा की फरारी?

आज सतरा सप्टेंबर, मराठवाड्याच्या मुक्तीचा दिवस. बीड, परभणी, नांदेड, धाराशिव अशा जिल्ह्याजिल्ह्यांच्या ठिकाणी आज ध्वजवंदन होईल, हुतात्म्यांच्या स्मारकांवर फुले वाहिली जातील आणि निजामाच्या तुरुंगात ज्यांनी हालअपेष्टा सोसल्या त्यांचे स्मरण करण्यात येईल. ते योग्यच आहे. तथापि त्या लढ्यात आणखी एक वर्ग होता व त्याचे नाव सभांतून क्वचितच निघते. पकडवॉरंट हातात पडण्यापूर्वीच हे लोक संस्थानची सरहद्द ओलांडून गेले आणि नगर, सोलापूर, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांत मुक्काम करून राहिले. घरदार, शेतीवाडी, म्हातारे आईबाप त्यांनी मागे टाकले. निजामी पोलिसांच्या लेखी ते फरारी होते. जनतेच्या लेखी ते कोण होते?

पाऊण शतक उलटून गेल्यावर हा प्रश्न आम्ही काढीत आहोत, याचे कारण तोच प्रश्न आज जगापुढे निराळ्या नावाने उभा आहे. अमेरिकेच्या हेरखात्यासाठी काम करणारे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ च्या जून महिन्यात, आपल्याच सरकारने कोट्यवधी नागरिकांच्या दूरध्वनींवर व संगणकीय पत्रव्यवहारावर ठेवलेली पाळत वृत्तपत्रांच्या द्वारे उघड केली. तेव्हापासून ते मायदेशाबाहेर आहेत. परतल्यास खटला व तुरुंग ठरलेला. अशा माणसाला देशोधडीस लागलेला म्हणावे, की शिक्षा चुकविण्यासाठी पळालेला आरोपी म्हणावे? सुशिक्षितांच्या बैठकीत हा विषय निघाला की एक उत्तर मोठ्या ठामपणे दिले जाते. त्यांस कोणी हाकलले नाही. ते आपल्या पायांनी गेले. उद्या मनात आणले तर विमानात बसून परत येऊ शकतात. मग हद्दपारी कसली? हे उत्तर सुटसुटीत आहे. आमच्या मते ते चुकीचे आहे; आणि ज्या जिल्ह्यांनी निजामी पाहिली, त्या जिल्ह्यांतील लोकांनी तरी ते देऊ नये.

गैरव्यवहार उघड करणाऱ्यास मराठीत अलीकडे 'जागल्या' म्हणू लागले आहेत. शब्द मोठा समर्पक आहे. जुन्या गावगाड्यात जागल्या रात्री गस्त घाली आणि चोराची चाहूल लागताच गाव जागे करी. त्याच्या ओरडण्याने झोपमोड झाली म्हणून कोणी त्याच्यावर फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. आजच्या जागल्याचे दुर्दैव असे की पुष्कळदा चोरी चावडीतच होत असते आणि फिर्याद ऐकणारेही चावडीवरच बसलेले असतात. मग ओरडणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: खोड्यात पाय घालणे किंवा वेस ओलांडणे. जो वेस ओलांडतो त्याला काय म्हणावे, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

या बाबतीत आपली भाषा दरिद्री नाही. राजाज्ञेने ज्याला सीमेबाहेर घातले तो 'हद्दपार'. १९५१ च्या पोलीस कायद्याखाली ज्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येते तो 'तडीपार'. गुन्हा करून जो कायद्याच्या हातून निसटला तो 'फरारी'. या तिघांखेरीज चौथा एक शब्द फारसीतून येऊन आपल्याकडे घरचा झाला आहे, तो म्हणजे 'परागंदा'. त्याचा मूळ अर्थ विखुरलेला असा आहे. परागंदा होणारा माणूस आपल्याच पायांनी जातो. त्याला कोणी मुसक्या बांधून वेशीबाहेर नेऊन सोडीत नाही. तरीही तो आपखुशीने गेला असे मराठी माणूस कधी म्हणत नाही. राहणे अशक्य झाले म्हणून गेला, हा अर्थ त्या शब्दातच आहे. हाकलले नाही म्हणजे तो स्वेच्छेने गेला, असा जो युक्तिवाद आज केला जातो त्याचे खंडन आपल्या भाषेने कित्येक शतकांपूर्वीच करून ठेवले आहे.

शब्दाबरोबर राज्यव्यवहारही होता. जुलमामुळे किंवा जप्तीच्या भयाने रयत परागंदा झाली आणि गाव ओस पडले, तर तो रयतेचा गुन्हा न समजता अंमलदाराच्या कारभारावरचा ठपका समजण्याची रीत जाणत्या राज्यकर्त्यांनी पाळली. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या दप्तरांत अशा रयतेस दिलेले कौलनामे आढळतात. परत या, तुमच्या जिवास व वतनास धक्का लागणार नाही, पडीत जमिनीचा सारा पहिली काही वर्षे हलका राहील, अशी ती लेखी हमी असे. कौल मिळाला म्हणजे रयत परत येई. ज्याच्या भयाने माणसे गेली त्यानेच प्रथम अभय दिले पाहिजे, हे तत्त्व त्या एका कागदात सामावलेले होते. स्नोडेन यांच्यासारख्यांच्या प्रश्नास हीच कसोटी लावून पाहावी असे आम्हांस वाटते.

प्रथम आपल्या घरचा इतिहास पाहू. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी केली. औरंगाबादपासून हैदराबादपर्यंत विद्यार्थी संपावर गेले आणि शेकड्यांनी काढून टाकण्यात आले. यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. या मुलांना परतीची वाट बंद होती काय? मुळीच नाही. गीत सोडले आणि मान तुकविली असती, तर त्यांना आपल्या वर्गात पुन्हा बसता आले असते. 'मनात आणले तर परत येऊ शकतो' हीच जर हद्दपारी नसल्याची खूण मानली, तर ही सारी मुले नागपुरास हवापालटासाठी गेली होती असे म्हणावे लागेल. जी अट पाळून परतायचे ती अटच जर माणसाचे तोंड बंद करणारी असेल, तर दार उघडे आहे असे म्हणण्यात काय अर्थ उरतो?

त्याच लढ्याचे दुसरे अंग बीड जिल्ह्याशी निगडित आहे. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये हिप्परग्याहून अंबाजोगाईस आले. त्या वेळी निजामी दप्तरात त्या गावाचे नाव मोमिनाबाद होते. तेथील योगेश्वरी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १९३८ साली शाळा सोडून ते लढ्यात उतरले. स्वामीजींनी तुरुंग कधी चुकविला नाही. १९३८ चा सत्याग्रह, पुढे १९४७ चा १५ ऑगस्ट, त्यानंतर १९४८ चा जानेवारी, अशा प्रत्येक वेळी ते अटकेस सामोरे गेले आणि हैदराबाद मुक्त झाले तेव्हाच शेवटचे सुटले. परंतु स्वामीजी आत असताना बाहेर काय चालले होते? दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृतिसमिती भारतीय हद्दीतून काम करीत होती आणि सरहद्दीच्या कॅम्पांतून शेकडो तरुण झुंजत होते. तुरुंगात गेलेल्या पुढाऱ्याने सरहद्दीपलीकडच्या कार्यकर्त्यांना पळपुटे म्हटले नाही, आणि बाहेरच्यांनी आतल्यांना भाबडे म्हटले नाही. लढ्याला दोहोंची गरज आहे, हे दोघेही जाणून होते.

जे तुरुंगातही गेले नाहीत आणि सरहद्दीपलीकडेही गेले नाहीत, त्यांचे काय झाले तेही स्मरणात ठेवले पाहिजे. कंधारचे तहसीलदार फरीद मिर्झा यांनी रझाकारांचे अत्याचार डोळ्यांनी पाहिले आणि १९४८ साली सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. आजच्या अर्थाने ते मराठवाड्यातले जागलेच होत. त्यांच्यासह सात मुस्लिम गृहस्थांनी ऑगस्ट १९४८ मध्ये संस्थानने भारतात विलीन व्हावे असे निवेदन काढले. ते छापणारे 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर २१ ऑगस्टच्या रात्री हैदराबादेत हल्ला झाला. त्यांचा हात तोडण्यात आला आणि त्या घावांनी त्यांचा अंत झाला. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत हैदराबाद मुक्त झाले. शोएबुल्ला खान यांचे हौतात्म्य वंदनीय आहे. परंतु ते जर त्या महिन्यात सोलापुरास निघून गेले असते, तर आज आपण त्यांना भित्रे म्हटले असते काय? सत्य सांगणाऱ्याने मरण पत्करलेच पाहिजे, अशी मागणी करण्याचा अधिकार सुरक्षित बसलेल्या वाचकास वा संपादकास नाही.

या भूमिकेवर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, लोकमान्यांनी १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा ऐकली आणि ते मंडालेस गेले. ते काही परदेशी निघून गेले नाहीत. गांधीजींनी १९२२ साली अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे गुन्हा कबूल करून जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सॉक्रेटिसासाठी त्याच्या मित्रांनी तुरुंगाचे दार उघडण्याची सोय केली होती. तो गेला नाही. कायदा मोडणाऱ्याने कायद्याची शिक्षा भोगावी, त्यातच त्याच्या सचोटीचा पुरावा आहे. मग या नव्या जागल्यांनाच ही सवलत का?

आक्षेप ज्या उदाहरणांवर उभा आहे ती नीट पाहिली पाहिजेत. लोकमान्यांना न्यायालयात आपली बाजू मांडता आली आणि त्यांनी ती कित्येक दिवस मांडली. गांधीजींचे निवेदन भर न्यायालयात वाचले गेले व देशभर पसरले. सॉक्रेटिसाने अथेन्सच्या नागरिकांपुढे आपले मन मोकळे केले. या तिघांचाही तुरुंग बोलका होता, कारण तुरुंगापूर्वी एक न्यायासन होते आणि त्याच्यापुढे 'मी हे का केले' एवढे सांगण्याची मुभा होती. सत्याग्रहीचा तुरुंग म्हणजे साक्ष. पण ज्या खटल्यात हेतू सांगण्यालाच बंदी आहे, तेथला तुरुंग साक्ष देत नाही; तो साक्षीदारास गडप करतो.

ही अतिशयोक्ती नाही. व्हिएतनाम युद्धाविषयी अमेरिकन सरकारने जनतेला कसे अंधारात ठेवले हे दाखविणारी गुप्त कागदपत्रे डॅनिएल एल्सबर्ग यांनी १९७१ साली उघड केली. ते पळाले नाहीत, शरण गेले. एकशे पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकेल एवढे आरोप त्यांच्यावर होते. साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांच्याच वकिलाने त्यांना विचारले, तुम्ही ही कागदपत्रे का उतरून घेतली? सरकारपक्षाने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती उचलून धरली. उत्तर देण्याची परवानगीच मिळाली नाही. १९७३ च्या मे महिन्यात खटला रद्द झाला तो एल्सबर्ग यांचे म्हणणे पटले म्हणून नव्हे. सरकारी माणसांनी त्यांच्या मनोविकारतज्ज्ञाच्या कचेरीत घरफोडी केली होती, ही लाजिरवाणी गोष्ट बाहेर आली म्हणून तो रद्द झाला. शरण जाणाऱ्यांचा आदर्श म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या एल्सबर्ग यांनीच २०१३ साली जाहीरपणे लिहिले की स्नोडेन यांनी देश सोडला हे योग्य केले. आपल्या वेळी निदान जामिनावर राहून बोलता येत होते, आता ते शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यापूर्वीच चेल्सी मॅनिंग यांस महिनोन्महिने एकान्त कोठडीत ठेवल्याचे जगाने पाहिले होते. मॅनिंग यांना त्याच वर्षी पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. २०१७ साली राष्ट्राध्यक्षांनी ती कमी केली.

आता स्नोडेन यांच्याकडे वळू. १९१७ सालच्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. तो कायदा शत्रूस रहस्य विकणारा आणि वृत्तपत्रास सत्य सांगणारा यांत भेद करीत नाही, आणि ही माहिती लोकहितासाठी दिली हा बचाव ज्यूरीपुढे मांडू देत नाही. स्नोडेन यांनी वारंवार म्हटले आहे की हा एक बचाव मांडण्याची मुभा मिळाली तर आपण परत येऊन खटल्यास उभे राहू. ती मुभा मिळालेली नाही. दरम्यान ज्या पाळतीचा त्यांनी बोभाटा केला तिचे काय झाले? २०१५ साली अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने दूरध्वनींच्या नोंदींचा तो सरसकट साठा कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षी तेथील विधिमंडळाने त्यास आळा घालणारा कायदा केला. २०२० साली दुसऱ्या अपील न्यायालयानेही तो प्रकार बेकायदेशीर ठरविला. जागल्याने हाक दिली, चोरी झाल्याचे पंचांनी मान्य केले, आणि जागल्या मात्र अजून वेशीबाहेर आहे.

'त्यांस कोणी हाकलले नाही' या म्हणण्यातही पुरते सत्य नाही. हाँगकाँगहून ते निघाले त्याच सुमारास त्यांचे पारपत्र त्यांच्या सरकारने रद्द केले आणि मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर चाळीस दिवस ते अडकून पडले. पूर्वी हद्दपारीसाठी दवंडी पिटावी लागे, शिपाई सोबत द्यावा लागे. आता कचेरीतल्या एका शेऱ्याने काम भागते. माणूस सीमेबाहेर असताना त्याचा कागद रद्द करणे, ही आपल्या काळातली हद्दपारीच होय.

स्नोडेन यांच्या वर्तनातील उणी बाजू आम्ही झाकू इच्छित नाही. ज्या देशाने त्यांना आश्रय दिला तो स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्नोडेन यांस रशियाचे नागरिकत्व मिळाले. पाळतीविरुद्ध आवाज उठविणाऱ्याने पाळतीवरच चालणाऱ्या राज्याचे अन्न खावे, ही गोष्ट मनास बोचते. याच शेरेमेत्येवो विमानतळावर १७ जानेवारी २०२१ रोजी दुसरा एक माणूस उतरला. विषप्रयोगातून जर्मनीत बरे झालेले अलेक्सी नवाल्नी आपण होऊन मायदेशी परतले. विमानतळावरच त्यांना अटक झाली आणि १६ फेब्रुवारी २०२४ रोजी उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. एकाच विमानतळावर एक परागंदा अडकला आणि एक परतलेला पकडला गेला. नवाल्नींपुढे मान लवते. पण त्यांचा शेवट आठवून स्नोडेन यांना 'तुम्हीही जा' असे सांगण्यास आमची लेखणी धजत नाही. आश्रय देणाऱ्याचे पाप आश्रितावर लादावे किती, याचाही विचार केला पाहिजे. बुडणारा माणूस फळी कोणाच्या जहाजाची आहे हे पाहत नाही. मात्र किनाऱ्यास लागल्यावर त्याने त्या जहाजाच्या मालकाचे दोष पाहून गप्प बसू नये, एवढी अपेक्षा त्याच्याकडून करणे रास्त आहे.

अशा रीतीने परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाला परागंदा म्हणू लागलो तर बँका बुडवून विलायत गाठणारेही त्या पंक्तीत येऊन बसतील, अशी भीती कोणी व्यक्त करील. ती अनाठायी नाही. मराठवाड्याने हेही पाहिले आहे. हैदराबादचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली हे १९५० साली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. लातूरचे वकील आणि रझाकारांचे म्होरके कासीम रझवी शिक्षा भोगून १९५७ साली तिकडेच गेले. परदेशाचा आश्रय दोघांनाही मिळाला. म्हणून ते परागंदा झाले असे मराठवाड्यातील कोणी म्हटले नाही. अलीकडे विजय मल्ल्या व नीरव मोदी यांस २०१८ च्या कायद्याखाली फरारी आर्थिक गुन्हेगार म्हणून घोषित करण्यात आले. मग भेद कोठे करावा?

आमच्या मते येथे जुना कौलच कामास येतो. दोन प्रश्न विचारावेत. पहिला असा, की माणूस जे घेऊन गेला ते कोणाचे होते आणि कोणासाठी होते? एक जनतेचा पैसा बुडवून जातो, दुसरा जनतेला तिचेच सत्य देऊन जातो. दुसरा प्रश्न अधिक निर्णायक आहे: खुल्या न्यायालयात, सर्व बचाव मांडण्याची मुभा देऊन सुनावणी करू, असा कौल मिळाला तर तो येईल काय? बँका बुडविणाऱ्यास आपल्याकडे हा कौल पहिल्यापासून आहे. त्याला वकील आहे, अपील आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. त्याचा कोणताही बचाव कायद्याने वर्ज्य केलेला नाही. तरीही तो येत नाही, परदेशी न्यायालयांतून वर्षानुवर्षे प्रत्यार्पण टाळीत राहतो. तो फरारी. जागल्या न्यायासन मागतो आणि त्याला ते नाकारले जाते. तो परागंदा. एक न्यायापासून दूर पळतो, दुसरा न्यायाची वाट पाहत दूर बसतो. आणि उद्या खरा कौल मिळूनही स्नोडेन आले नाहीत, तर त्यांनाही फरारी म्हणण्यास आम्ही कचरणार नाही.

येथवर दूरच्या देशाची गोष्ट झाली. परंतु हा लेख केवळ मॉस्कोसाठी लिहिलेला नाही. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात मस्साजोग नावाचे गाव आहे. तेथील सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून अमानुष रीतीने खून करण्यात आला. पवनचक्कीच्या कंपनीकडून खंडणी उकळण्याच्या आड ते आले, म्हणून हे घडले, असे तपासयंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटले आहे. आरोपींच्या दोषादोषाचा निर्णय न्यायालयाचा आहे. त्यात आम्ही शिरत नाही. परंतु गावच्या प्रथम नागरिकाची ही गत झाल्यावर साध्या शेतकऱ्याने, ग्रामसेवकाने वा कारकुनाने काय शिकावे? अन्यायाच्या आड येऊ नये, हेच ना? आणि ज्याच्याने गप्प राहवत नाही त्याला मॉस्को नाही, दूतावास नाही, जगाची वृत्तपत्रे नाहीत. त्याचे परदेश म्हणजे पुण्याच्या एखाद्या उपनगरातील भाड्याची खोली. दसरा सरला की कोयता घेऊन कारखान्याकडे निघणाऱ्या टोळ्या या जिल्ह्याच्या डोळ्यांसमोर असतात. त्यांची मोजदाद होऊ शकते. तक्रारीचा एक अर्ज दिला म्हणून रातोरात गाव सोडणारा माणूस कोणत्याच मोजणीत येत नाही. गावकरी विचारतात, 'त्याला कोणी जा म्हटले होते काय?' स्नोडेन यांच्याविषयी बैठकीत उच्चारले जाणारे वाक्यच गावच्या पारावरही ऐकू येते.

तेव्हा आपल्या राज्यकर्त्यांनी जागल्यास कोणता कौल दिला आहे? २००५ साली माहितीचा अधिकार आला. त्याचा उपयोग करून जमिनीचे व्यवहार उजेडात आणणारे तळेगावचे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता भररस्त्यात खून झाला. २०१४ साली संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु तो अंमलात आणण्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. पुढच्याच वर्षी त्या कायद्याचे दात काढणारे दुरुस्ती विधेयक मात्र लोकसभेत तत्परतेने संमत झाले. ते पुढे सरकले नाही, हे देशाचे सुदैव. सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा इंग्रजांनी केला. त्यातही लोकहिताचा बचाव नाही, आणि तो अजून उभा आहे. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला, हे स्तुत्य आहे. परंतु जागल्या हा साक्षीदार होण्यापूर्वीचा माणूस असतो. खटला उभा राहीपर्यंत त्याने जिवंत राहिले पाहिजे, याची तजवीज कोण करणार?

आमची मागणी मोठी नाही. २०१४ चा कायदा त्याच्या मूळ स्वरूपात तातडीने अंमलात आणावा. सरकारी गुपितांच्या कायद्यात लोकहिताचा बचाव घालावा, म्हणजे आरोपीस 'मी हे का केले' एवढे तरी न्यायासनापुढे सांगता येईल. तो बचाव मान्य करावा की फेटाळावा हे न्यायाधीश ठरवतील. आणि प्रत्येक जिल्ह्यात, विशेषतः बीडसारख्या जिल्ह्यात, तक्रारीपायी गाव सोडावे लागलेल्यांची नोंद जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः ठेवावी व त्यांना संरक्षणासह परत वसविण्याची जबाबदारी घ्यावी. अमेरिकेने स्नोडेन यांना न्याय द्यावा असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच मिळेल.

सप्टेंबर १९४८ नंतर सरहद्दीपलीकडचे कार्यकर्ते आपापल्या गावी परत आले. निजामी दप्तरातला 'फरारी' हा शेरा त्यांच्या परतण्याने पुसला गेला, कारण ज्या दिवशी अभय मिळाले त्या दिवशी ते थांबले नाहीत. परागंदा माणसाची ओळख त्याच्या जाण्यावरून पटत नाही. ती परतण्याच्या ओढीवरून पटते. ती ओढ असूनही ज्याला परतता येत नाही त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी आपल्या हाताकडे पाहावे. त्या हातात कौलाचा कागद आहे, की बेडी?